लिंबू लावून उन्हात बसलं की केस सोनेरी न होता नारिंगीच का होतात?

होळी आटोपली की ही तक्रार सुरू होते आणि जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. पार्लरच्या खुर्चीत कधी कॉलेजची पोट्टी असते, कधी पन्नाशीतल्या काकू, पण हकिगत ठरलेली. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, लिंबाचा रस पाण्यात कालवून केसांवर शिंपडला, गच्चीवर उन्हात जाऊन बसली. "मले सोनेरी पाहिजे होते ताई, हे तं गाजर झालं ना!" मग रंग सारखा करून घ्यायचा, काही आठवडे बरं चालायचं, मुळाशी काळी रेघ दिसायला लागली की पुन्हा लिंबू कापायचं. पुढच्या उन्हाळ्यात हेच.

पार्लरमध्ये केस सारखे करून देणं हे माझं कामच आहे, त्यामुळे हे चक्र चालू राहिलं तर माझं नुकसान काहीच नाही. पण तक्रार एकच दिसत असली तरी तिच्यामागची कारणं वेगवेगळी असतात, आणि कारण न बघता उपाय बदलत राहिलं की केस फक्त राठ होत जातात. म्हणून सगळं एकदा लिहून काढते.

आधी वरचा थर उचलून बघा

ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीशी दिवसाच्या उजेडात उभं राहा. टाळूवरचे केस बाजूला करा आणि मानेजवळचे, आतल्या थरातले केस बघा.

आतले काळे आणि वरचे, टोकाचे भुरे असतील तर ते काम उन्हाचं. तुम्ही काही लावलं असो वा नसो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे खांद्याखाली आलेल्या केसाचं टोक दोन-अडीच वर्षांचं असतं आणि त्याने नागपूरचे दोन-तीन उन्हाळे खाल्लेले असतात. त्याच केसाचं मूळ मागच्या महिन्यात उगवलेलं. एकाच केसाची दोन टोकं सारख्या रंगाची राहतील कशी? त्यात आपल्याकडे गाडीवर निघालेली मुलगी स्कार्फने डोळे सोडून सगळं झाकते, पण पोनी किंवा वेणी मागून बाहेर लोंबत असते. शंकरनगर चौकात सिग्नलला दुपारी उभं राहून बघा, प्रत्येकीचा भुरा भाग बरोबर स्कार्फ संपतो तिथूनच सुरू होतो.

पट्टे-पट्टे असतील, एक बट नारिंगी आणि शेजारची काळी, तर रस सगळीकडे सारखा लागला नाही.

आणि आतले, बाहेरचे, मुळापासूनचे सगळेच केस फिके, पातळ उगवायला लागले असतील तर हे पान बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. लहान मुलांमध्ये मुळापासून भुरे, कोरडे, विरळ केस येणं हा प्रथिनांच्या कमतरतेचा इशारा असू शकतो. मोठ्यांमध्ये रक्त कमी असणं, थायरॉइड, बी-12 यांचा परिणाम केसांवर दिसतो. तिथे लिंबू, मध, मेंदी यातलं काहीच उपयोगाचं नाही.

नारिंगी का, सोनेरी का नाही

केसाचा रंग मेलॅनिनमुळे. त्याचे दोन प्रकार: काळा-तपकिरी देणारं युमेलॅनिन आणि लाल-पिवळी छटा देणारं फिओमेलॅनिन. आपल्या केसांत पहिलं खच्चून भरलेलं असतं. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून हे रंगद्रव्य मोडतात. पण ते एका झटक्यात नाहीसं होत नाही. काळा केस पायऱ्या उतरत फिका होतो: काळा, गडद तपकिरी, तांबूस, नारिंगी, पिवळा, आणि शेवटी फिका पिवळा. व्हिडिओतल्या बाईचे केस मुळातच फिके तपकिरी असतात. ती पिवळ्याच्या एक पायरी वर उभी असते. थोडं ऊन, थोडं लिंबू, झाली सोनेरी. आपण सर्वांत वरच्या पायरीवर उभे असतो. तेवढंच ऊन आणि तेवढंच लिंबू आपल्याला तांबूस-नारिंगीपर्यंत आणून सोडतं.

"मग अजून जास्त वेळ बसू का?" हा पुढचा प्रश्न असतोच. बसून काय होईल ते सांगते. रंगद्रव्य मोडणारी किरणं केसाचं प्रथिनही मोडतात, केसाला ताकद देणारे गंधकाचे बंध तुटतात. दोन्ही गोष्टी बरोबरच घडतात. केस उगवून बाहेर आला की तो मेलेला असतो, त्वचेसारखा स्वतःला भरून काढत नाही. नारिंगीची पायरी ओलांडून पिवळ्यापर्यंत उन्हाने पोहोचायच्या आधी टोकं दुभंगतात, केस कंगव्यात तुटून यायला लागतो. पार्लरमध्ये ब्लीच करतानाही केसाचं नुकसान होतं, ते नाकारत नाही. पण तिथे 6, 9 किंवा 12 टक्क्यांचं पेरॉक्साइड मोजून घेतात, घड्याळ लावतात, आणि योग्य पायरी आली की धुऊन टाकतात. उन्हाला बटण नसतं.

नारिंगी झालेच असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बाजारात जांभळा शाम्पू आणि निळा शाम्पू असे दोन मिळतात. जांभळा पिवळेपणा मारतो, निळा नारिंगीपणा मारतो. सीताबर्डीवरून महागडा जांभळा शाम्पू आणून "काहीच फरक नाही पडून राहिला" म्हणणाऱ्या दर उन्हाळ्यात भेटतात. काळ्या केसांच्या नारिंगीवर निळाच लागतो, तोही आठवड्यातून एकदा. कपड्यांची नीळ पाण्यात टाकून केस धुवायला कुणी सांगितलं तर मात्र ऐकू नका.

यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ वाट म्हणजे परत गडद होणं. आधी मेंदी, ती धुतल्यावर नीळपानांची पावडर, जी इंडिगो पावडर म्हणून मिळते. दोन्ही एकावर एक लावल्या की तपकिरी ते काळा रंग येतो आणि पट्टे झाकले जातात. फक्त पुढे कधी ब्लीच करायचा विचार असेल तर हे करू नका. नीळपानांवर ब्लीच केल्यावर हिरवट झाक येऊ शकते, आणि ती काढणं नारिंगी काढण्यापेक्षा अवघड.

कपाळावर, मानेवर, बोटांवर काळे डाग आले

या भागावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण रंग बिघडला तर केस कापता येतात, त्वचा कापता येत नाही.

विलायती व्हिडिओत जे पिवळं, मोठं, जाड सालीचं लिंबू दिसतं ते आपलं लिंबू नाही. आपल्या विदर्भात पिकतं ते कागदी लिंबू, लहान, पातळ सालीचं. दोघांची आंबट चव सारखी असली तरी कागदी लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं बरीच जास्त असतात. ही द्रव्यं त्वचेवर लागली आणि त्यावर ऊन पडलं की त्वचा भाजते. याला ॲलर्जी म्हणत नाहीत. ॲलर्जी काहींना होते, काहींना नाही. हे कुणालाही होऊ शकतं, पहिल्याच वेळी होऊ शकतं.

फसवं काय आहे, तर त्या वेळी काहीच जाणवत नाही. रस लावला, उन्हात बसली, आंघोळ केली, सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी लाली आणि आग सुरू होते, दोन-तीन दिवसांत ती सगळ्यात वाढते, कधी पाण्याचे फोड येतात. मग तिथे काळपट डाग उरतो आणि तो जायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. डागाचा आकारच कारण सांगतो: कपाळावरून ओघळलेली धार, कानामागची रेघ, मानेवर ठिबकलेले थेंब, बोटांच्या पेरांवर ठिपके. लहान पोरांच्या दंडावर पंज्याच्या आकाराचे डाग दिसले तर आईने लिंबू पिळून हात न धुता पोराला उचललं असेल आणि मग पोर उन्हात खेळलं असेल, असंही होतं. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया घालता घालता लोणच्यासाठी लिंबं कापणाऱ्या बायकांच्या हातावर हे डाग मी पाहिले आहेत, आणि त्यांना ते 'उष्णता बाहेर पडली' असं सांगितलेलं असतं.

काय करायचं: रस लागलेली जागा लगेच साबण-पाण्याने धुवायची आणि उन्हापासून झाकायची. लाली आली असेल तर थंड पाण्याची घडी ठेवायची. फोड फोडायचे नाहीत. टूथपेस्ट, हळद, परत लिंबू असं काही लावायचं नाही. डाग पांढरे करणारी क्रीम मेडिकल स्टोअरमधून स्वतःच्या मनाने आणायची नाही. त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. डाग उन्हापासून जपला तर आपोआप फिका होत जातो. फोड मोठे असतील किंवा डोळ्याजवळ असतील तर त्वचारोगतज्ज्ञ गाठायचे. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे.

रस पातळ केल्याने धोका कमी होतो, संपत नाही. बाटलीतून फवारला तर उलट वाढतो, कारण फवारा केसांवर कमी आणि मानेवर, खांद्यावर जास्त पडतो. हिवाळ्यात ऊन गार वाटतं म्हणून सुरक्षित, हाही गैरसमज. भाजण्याचा संबंध उन्हाच्या तापण्याशी नाही, त्यातल्या अतिनील किरणांशी आहे. म्हणून माझा सरळ सल्ला: केसांचा रंग उतरवायला कागदी लिंबू वापरू नका. पोह्यांवर पिळा.

"मग संत्रं लावू का, आपल्याकडे तं घरोघरी!" नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते खाण्यासाठी. संत्र्याचा रस केसांवर वाळला की चिकट पापुद्रा होतो, मुंग्या लागतात, रंग काही उतरत नाही. सालीची पावडर डोक्याला चोळल्याने टाळू खरवडते, बाकी काही होत नाही.

दुपारी गच्चीवर बसण्याबद्दल

26 मेच्या आसपास नागपुरात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोही त्याच सुमारास. पारा बऱ्याचदा 45 च्या आसपास असतो आणि रस्त्यावर कुत्रंही नसतं. अशा वेळी ओल्या केसांनी गच्चीवर बसायचं आणि "डोकं ओलं आहे, ऊन लागणार नाही" म्हणायचं, हे बघून मला धडकी भरते. उष्माघाताला ओलं डोकं अडवत नाही. लू, म्हणजे गरम वारा, चालू असेल तर ते पाणी काही मिनिटांत उडून जातं.

आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हा अतिनील किरणं जोरात असतात. घड्याळापेक्षा ही खूण सोपी. आणखी एक, जी बहुतेकींना माहीत नसते: ओला सुती दुपट्टा गार वाटतो, पण ओलं कापड कोरड्यापेक्षा जास्त अतिनील किरणं आत सोडतं. केस वाचवायचे असतील तर घट्ट विणीचा, गडद रंगाचा, कोरडा स्कार्फ, आणि पोनी त्याच्या आत.

इतकं करून काहीच झालं नाही

ही तक्रार ऐकून मला खरं तर बरं वाटतं, पण उत्तर द्यायला हवं.

सगळ्यात पहिली शंका तेलाची. रात्री भरपूर तेल चोपडून सकाळी त्यावर पाणीदार काहीही लावलं तर ते ओघळून जातं. तेल केसांना चांगलंच आहे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरून प्रथिनाची झीज कमी करतं, हे 2003 मध्ये मुंबईच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं होतं. (ते संशोधक खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, हेही सांगायला हवं. तरी माझा अनुभव त्यांच्या बाजूचा आहे.) पण एकाच दिवशी तेलाने जपायचं आणि उन्हाने उतरवायचं, असं दोन्ही होत नाही.

दुसरी शंका लोखंडी कढईची. मेंदीत आवळा, शिकेकाई, चहाचं पाणी घालून ती रात्रभर लोखंडी कढईत भिजवण्याची आपली जुनी पद्धत आहे. तिचा हेतूच केस गडद करण्याचा. आवळ्यातले, चहातले टॅनिन आणि कढईचं लोह मिळून काळा रंग तयार होतो. जिची आई दर महिन्याला असं डोकं माखून देते आणि जी दर रविवारी गच्चीवर बसते, तिच्या केसांवर आई जिंकते.

साधी मेंदीही केस फिके करत नाही. ती केसाच्या प्रथिनाला चिकटून लालसर थर चढवते. काळ्या केसांवर तो थर घरात दिसत नाही, उन्हात चमकतो, म्हणून "मेंदीने केस ब्राउन झाले" असं वाटतं.

मधाचं वेगळं. मधात एक विकर (एन्झाइम) असतं, मध पाण्यात पातळ केला की ते थोडंसं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. म्हणून मध केस उतरवतो या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. पण हे विकर उष्णतेने मरतं. बाटलीबंद मध बऱ्याचदा तापवून गाळलेला असतो, त्यात ते फारसं उरत नाही. घरी कोमट करायच्या नादात गॅसवर ठेवला तर जे होतं तेही गेलं. कुणी त्यात लिंबू पिळतं, त्या आंबटात विकर नीट काम करत नाही. कुणी कच्च्या बटाट्याचा रस घालतं. बटाट्यात पेरॉक्साइड मोडून टाकणारं विकर असतं, शाळेच्या प्रयोगशाळेत फेस काढून दाखवतात तेच. म्हणजे एका वाटीत तीन उपाय आणि तिघं एकमेकांचं काम बिघडवतात. सगळं बरोबर केलं तरी तयार होणारं पेरॉक्साइड इतकं थोडं असतं की काळ्याभोर केसांवर फरक दिसेलच असं नाही. केस मऊ होतील, तेवढं खरं.

कॅमोमाइलचा चहा पिवळी छटा चढवतो. फिक्या केसांवर दिसते, काळ्यावर दिसत नाही. दालचिनी टाळूला लावू नका, खाज आणि चट्टे उठतात. खायचा सोडाही नको. तो केसाचे खवले फुगवतो, केस राठ होतो, आणि राठ केस उन्हात फिका दिसतो म्हणून उपाय लागू पडल्यासारखं वाटतं.

औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली मिळते. आपल्याकडे ती साधारण 6 टक्क्यांची असते, म्हणजे पार्लरमध्ये ब्लीचमध्ये कालवतात त्या सौम्य डेव्हलपरइतकी. जखमेसाठीची आहे म्हणून निरुपद्रवी समजून ती डोक्यावर ओतू नका. पाण्यासारखी पातळ असते, डोळ्यांत सहज ओघळते.

पाण्याचा हात

ज्या घरी बोअरचं पाणी आहे तिथे ही तक्रार जास्त दिसते, आणि उन्हाळ्यात नळाची धार बारीक झाली, टँकर यायला लागले की आणखी वाढते. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसतं. शाम्पूचा फेस होत नाही, केस धुतल्यावर चरचरतात, रंग मळकट दिसतो. बादलीच्या काठावर, गिझरच्या कॉइलवर पांढरं किटण धरत असेल तर तेच तुमच्या केसांवरही बसतंय.

उपाय फार नाही. शेवटचा एक मग पेंच-कन्हानच्या नळाच्या पाण्याचा किंवा गाळलेल्या पाण्याचा घ्या, अख्खी बादली लागत नाही. महिन्यातून एक-दोनदा असा शाम्पू वापरा ज्याच्या मागच्या बारीक अक्षरांत ईडीटीए लिहिलेलं आहे. ते क्षार पकडून धुऊन नेतं. व्हिनेगर मगभर पाण्यात एक चमचा, ओतायचं आणि धुऊन टाकायचं. अनेकींची 'भुरे केस' ही तक्रार एवढ्यानेच अर्धी होते, कारण त्यातला अर्धा भुरेपणा क्षारांचा असतो.

डोक्यावर करण्याआधी कंगव्यातल्या केसांवर करा

कोणताही उपाय ऐकला की ही चाचणी करा. कंगव्यात निघालेले केस फेकू नका. त्यांच्या चार बारीक जुड्या दोऱ्याने बांधा आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने लावा. पहिली ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, हिला ऊन लागू द्यायचं नाही. दुसरीला काहीही न लावता उन्हात ठेवा. तिसरीला तुमचा आवडता उपाय लावून उन्हात. चौथीला तोच उपाय लावून सावलीत. आठवडाभर रोज पुठ्ठा गच्चीवर ठेवा, शेवटी चारही जुड्या धुऊन वाळवा आणि शेजारी शेजारी धरा.

बहुतेक वेळा दुसरी आणि तिसरी जवळपास सारखीच दिसतात. म्हणजे काम उन्हानेच केलं, वाटीतल्या मिश्रणाने नाही. मग प्रत्येक जुडीतला एक केस घेऊन दोन बोटांनी ताणा. फॉइलमधला किती ताणला जातो आणि उन्हातला कुठे तुटतो, हे हाताला लगेच कळतं. या चाचणीनंतर अर्ध्या मुली विचार बदलतात, आणि त्यांच्या डोक्यावरचा एकही केस खर्ची पडलेला नसतो.

तरीही थोडे फिके हवेच असतील

तांबूस छटा आवडत असेल आणि तेवढ्यावर समाधान असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ बरा. काहीही न लावता, फक्त खालचे एक तृतीयांश केस मोकळे सोडून, टाळू आणि चेहरा झाकून, सकाळच्या उन्हात गॅलरीत बसा, पुस्तक वाचा, संत्री खा. फरक सावकाश येतो आणि टोकांपुरता राहतो, त्यामुळे मुळाशी काळी रेघ दिसण्याचा प्रश्न येत नाही. मुळाची रेघ झाकायला पुन्हा पुन्हा उपाय करणं हेच या चक्राचं इंजिन आहे. रंग मुळापासून उतरवलाच नाही तर रेघ येतच नाही. टोकं फार कोरडी झाली की सरळ छाटा. धुण्याच्या आदल्या रात्री टोकांना खोबरेल, दर धुण्यानंतर कंडिशनर. पोहायला जात असाल तर तलावात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवा, म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं.

आणि सोनेरीच हवे असतील, तर घरचा कोणताही उपाय काळ्या केसांना तिथपर्यंत नेत नाही. मग पार्लरमध्ये या, मोजक्या बटा हायलाइट करून घ्या, अख्खं डोकं नको. येण्याआधी 48 तास कानामागे पॅच टेस्ट करून घ्या, म्हणजे थोडंसं लावून खाज-लाली येते का ते बघा. मागच्या दोन-तीन वर्षांत केसांना काय काय लावलं ते सगळं सांगा, लाजू नका. विशेषतः 'काळी मेंदी' म्हणून विकली जाणारी पावडर. तिच्यात धातूचे क्षार असतील तर त्यावर पेरॉक्साइड पडताच केस गरम होतात, कधी जळाल्यासारखे तुटतात. पाकीट फेकलं असेल आणि आठवत नसेल तर तेही सांगा. एक बट आधी कापून पेरॉक्साइडच्या वाटीत बुडवून बघता येते.